उतार संपला की गाव, गाव संपलं की चढ



जपानहून परत येऊन वर्ष उलटून गेलं. भेटेल तो विचारतो, "सायकलवर एकटेच फिरलात म्हणे. मग या सदरात काहीच कसं लिहिलं नाही?" प्रश्न रास्त आहे. पण अमुक पाहिलं, तमुक खाल्लं, एवढं लिहून मोकळं व्हावं असा तो प्रवास नव्हता. जे पाहिलं ते आधी माझ्या घरात लागू पडतं की नाही हे मला बघायचं होतं. ते बघून झालं, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

पहिली गोष्ट ही, की मी काही सायकलपटू नव्हे. बत्तीस वर्षं कल्याणच्या चाळीतून कारखान्यात आणि कारखान्यातून चाळीत, एवढाच माझा सराव. ऊन असो, पाऊस असो, रात्रपाळी असो, काळी बावीस इंची सायकल आणि हँडलला डब्याची पिशवी. निवृत्त झालो तेव्हा पाय शाबूत होते, ही त्या सायकलीचीच पुण्याई.

आमची धाकटी लेक सेंदाई शहरात तोहोकू विद्यापीठात संशोधन करते. तोक्योच्या उत्तरेला साधारण साडेतीनशे किलोमीटरवर हे शहर आहे. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं नवराबायको तिच्याकडे गेलो. पहिल्याच दिवशी तिच्या खोलीच्या दाराशी टांगलेली एक पिशवी दिसली. आत टॉर्च, शिटी, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स. मी विचारलं, "कुठे निघालीस?"

ती हसली. "कुठे नाही पप्पा. मोठा भूकंप झाला तर हीच उचलून बाहेर पडायचं. कुठल्या मैदानात जमायचं तेही ठरलेलं आहे. आल्या आल्या दाखवलं होतं."

त्या पिशवीने माझ्या मनात घर केलं. आईने फुजी पर्वत बघायचा हट्ट धरला होता. तो आम्ही मागाहून पाहिलाही. पण मी लेकीला म्हटलं, "ज्या किनाऱ्यावर ही पिशवी माणसांना शिकावी लागली, तो किनारा मला दाखव." ती म्हणाली, "तो गाडीने कळणार नाही पप्पा. चालत तरी जा, नाहीतर सायकलने."

त्या किनाऱ्याचं नाव सानरिकु. जपानच्या मुख्य बेटाचा हा ईशान्येकडचा, पॅसिफिक महासागरावरचा भाग. तो कसा आहे ते कळायला आपला हाताचा पंजा बोटं फाकवून जेवायच्या पाटावर ठेवा. बोटं म्हणजे समुद्रात घुसलेले डोंगर. बोटांमधल्या फटी म्हणजे खाड्या. आणि जिथे दोन बोटं एकमेकांना मिळतात, त्या बेचक्यात कोळ्यांचं गाव. खोल पाणी, मासळी भरपूर, वाऱ्यापासून आडोसा. गावासाठी याहून चांगली जागा कुठली? पण समुद्राचा तळ हलून त्सुनामी उठली की हीच जागा घात करते. रुंद तोंडातून आत शिरलेलं पाणी पुढे पुढे अरुंद होत जाणाऱ्या खाडीत कोंडतं आणि उंच चढतं. १८९६ साली या किनाऱ्यावर सुमारे २२ हजार माणसं गेली. १९३३ साली सुमारे ३ हजार. १९६० साली भूकंप झाला तो पार चिली देशात, पण त्याची लाट जवळजवळ एक दिवसाने महासागर ओलांडून इथे आली आणि जपानमध्ये १४२ जणांचा बळी गेला. आणि ११ मार्च २०११, शुक्रवार, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. ९ मॅग्निट्यूडच्या आसपासचा भूकंप. मृतांचा आकडा सुमारे १५ हजार ९००. अडीच हजारांच्या वर माणसं अजून बेपत्ता म्हणून नोंदलेली आहेत.

लेकीने मला जुन्या बाजारातून सात गिअरची एक सायकल घेऊन दिली. तिकडे सायकलीचीसुद्धा पोलिसांकडे नोंद करावी लागते, जुनी घेतली तर नाव बदलून घ्यावं लागतं. हेल्मेट घेतलं. अस्वलासाठी एक घंटा घेतली, कारण त्या डोंगरांत अस्वलं आहेत आणि माणसाची चाहूल लागली तर ती सहसा वाट सोडतात. रेल्वेत सायकल न्यायची तर चाकं काढून पिशवीत बांधावी लागते, तिकीट वेगळं पडत नाही. लसणाचं तिखट आणि शेंगदाण्याची चटणी आईने बांधून दिली. अट एकच घातली. रोज संध्याकाळी सात वाजता फोन. मोबाइलमधलं भाषांतर आणि तोंडातलं "अरिगातो" एवढ्या भांडवलावर मी उत्तरेला हाचिनोहे स्टेशनवर उतरलो. तिथून दक्षिणेला सेंदाईपर्यंत, थांबत थांबत, तेरा दिवस. अंतर साधारण पाचशे किलोमीटर.

रस्त्याचं नाव राष्ट्रीय मार्ग ४५. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, म्हणून त्याची धास्ती नव्हती. धास्ती बोगद्यांची. आत शिरलं की मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज भिंतींवर आपटून दसपट होतो. मागचा लाल दिवा लावायचा, कडेला धरून चालवायचं आणि पलीकडचा उजेड दिसेपर्यंत मान वळवायची नाही. पण खरा कस लागला तो चढ-उतारांनी. डोंगरावरून रस्ता भन्नाट वेगाने खाली येतो. तळाशी गाव, बंदर, जाळी, होड्या. गाव ओलांडलं की लगेच पुढच्या डोंगराचा चढ. छाती फुटायची वेळ येते. वर पोचून दम खातो न खातो तोच पुन्हा उतार. दिवसातून सात-आठ वेळा हेच. उतार आला की मी गाणं गुणगुणायचो आणि चढ दिसला की मनातल्या मनात शिव्या घालायचो.

दुसऱ्या दिवशी एक पाटी ध्यानात आली. उतारावर, गावाच्या बऱ्याच आधी, लाटेचं चित्र. मोबाइल धरून वाचली. अर्थ असा, की त्सुनामीचं पाणी जिथवर आलं तो टापू इथून सुरू होतो. खाली गावात गेलो, गाव ओलांडलं, धापा टाकत पुढचा चढ चढलो, तर अर्ध्या चढावर दुसरी पाटी. टापू इथे संपतो. मग प्रत्येक गावाला मी हेच बघू लागलो. पहिली पाटी उतारावर, दुसरी चढावर. ज्या उतारावर मी गाणी म्हणत होतो तो माणसाला धोक्यात नेत होता आणि ज्या चढाला शिव्या देत होतो तिथे माणसं वाचली होती. त्या दिवसापासून शिव्या बंद झाल्या.

कुजी हे शहर मागे टाकलं. समुद्रात बुडी मारून हाताने सागरी अर्चिन काढणाऱ्या बायांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. बंदराबंदरावर समुद्री शेवाळ आणि मासळी वाळत घातलेली. वाळत्या माकूळाचा वास नाकात शिरला आणि मला आमच्या आईच्या हातचा सुकट-बोंबील आठवला. परक्या देशात माणसाला घर कुठून कुठून भेटेल, सांगता येत नाही.

पुढे फुदाई नावाचं छोटं खेडं लागतं. वस्ती तीन हजारांहूनही कमी. नदीच्या तोंडाशी काँक्रीटचा प्रचंड दरवाजा उभा आहे, साडेपंधरा मीटर उंच. आपल्या पाच मजली इमारतीएवढा. याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. कोतोकु वामुरा नावाचे गृहस्थ १९४७ पासून चाळीस वर्षं इथले सरपंच, म्हणजे तिथल्या भाषेत गावप्रमुख होते. १९३३ च्या लाटेनंतर मातीखालून प्रेतं उकरून काढताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जुनी माणसं सांगत की १८९६ ची लाट पंधरा मीटर होती. वामुरांनी तो आकडा धरून ठेवला. आधी बंधारा, मग हा दरवाजा. लोक म्हणाले, एवढा पैसा? एवढी उंची कशाला? आमची जमीन त्यात जाते. दरवाजा १९८४ साली पुरा झाला, खर्च साडेतीन अब्ज येनच्या वर. वामुरा १९९७ साली वारले, तोवर त्याचा कस लागलाच नव्हता. २०११ साली लाट आली. ती दरवाजावरूनही उसळली, पण तिचा जोर तिथे मोडला. बंदर आणि होड्या गेल्या. गावात मात्र एकही मृत्यू झाला नाही. होडी बघायला दरवाजाबाहेर गेलेला एक माणूस तेवढा बेपत्ता झाला. नंतर गावकरी वामुरांच्या समाधीवर जाऊन हात जोडू लागले. हयातीत ज्याला हट्टी म्हटलं, त्याचे आभार मानायला लोक चौदा वर्षांनी गेले.

भिंत बांधली की काम झालं, असा निष्कर्ष काढून मी फुदाईतून निघालो. दोनच दिवसांत तारो गावाने तो खोडून काढला.

तारोत १८९६ साली अठराशेहून अधिक आणि १९३३ साली नऊशेहून अधिक माणसं गेली. गावाने १९३४ साली भिंत बांधायला घेतली, ती वाढत वाढत दहा मीटर उंच आणि जवळजवळ अडीच किलोमीटर लांब झाली. लोक तिला "थोरली भिंत" म्हणू लागले. देशोदेशीचे लोक ती बघायला येत. २०११ ची लाट तिच्यावरून आत आली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. पाण्याचा धोका सांगणाऱ्या एका बाईंबरोबर मी त्या भिंतीवर चढलो. त्या म्हणाल्या, "भिंतीमुळे समुद्र दिसत नव्हता. भिंत आहे म्हणून काहीजण निघालेच नाहीत." जवळ एक हॉटेल तसंच राखून ठेवलं आहे. सहा मजल्यांपैकी खालच्या दोन मजल्यांचे नुसते लोखंडी सांगाडे उरले आहेत. आता समुद्राच्या बाजूला १४.७ मीटरची नवी भिंत उभी आहे. पण घरं डोंगरावर नेली आहेत.

मियाकोजवळ जोदोगाहामा नावाचा किनारा आहे. पांढऱ्याशुभ्र खडकांच्या मध्ये हिरवं, निश्चल पाणी. जोदो म्हणजे शुद्धभूमी. सतराव्या शतकातल्या एका बौद्ध भिक्खूने ते दृश्य पाहून हे नाव दिलं असं सांगतात. तासभर गप्प बसून राहिलो. इतकं शांत पाणी तसं उठू शकतं हे पटत नव्हतं.

तिथून आनेयोशीला जायचं म्हणजे ओमोए नावाच्या द्वीपकल्पावरचा चढ. त्या दिवशी पाऊस आणि त्यात पंक्चर. छोट्या पांढऱ्या ट्रकवाल्या एका म्हाताऱ्याने थांबून सायकल मागे टाकली आणि गावाच्या तोंडाशी सोडलं. पैसे पुढे केले तर त्याने दोन्ही हात हलवले आणि उलट मलाच समुद्री शेवाळाचं पुडकं दिलं.

आनेयोशी म्हणजे दहा-बारा उंबऱ्यांची वाडी. १८९६ साली इथे दोन माणसं वाचली, १९३३ साली चार. दुसऱ्या खेपेनंतर वाचलेल्यांनी समुद्रापासून बऱ्याच उंचावर, साठ मीटरवर, रस्त्याच्या कडेला दगड रोवला. माझ्या कमरेहून जरा उंच, साधा दगड. त्यावर कोरलंय ते थोडक्यात असं, की उंचावरचं घर पोराबाळांना सुखात ठेवतं, या खुणेच्या खाली घर बांधू नका. पंच्याहत्तर वर्षांहून जास्त काळ वाडीने ते पाळलं. बंदर खाली, घरं वर. रोज मासळीचं ओझं घेऊन चढायचं. २०११ साली इथे पाणी सुमारे ४० मीटरपर्यंत चढलं, देशात नोंदलेल्या सर्वात उंच खुणांपैकी ही एक, आणि दगडाच्या खालीच थांबलं. वरचं एकही घर भिजलं नाही.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. भूकंप झाल्यावर या वाडीतली एक आई शाळेतून मुलांना आणायला गाडी घेऊन गेली. ती आणि तिची तीन मुलं परत आली नाहीत. घर वर होतं. जीव खाली गेला, तो लेकरांपायी.

हे समजलं त्या संध्याकाळी सात वाजता फोन लावला तेव्हा आईशी मला नीट बोलवेना. का, ते पुढे सांगतो.

ओत्सुची गावाजवळ टेकडीवरच्या एका बागेत पांढऱ्या रंगाची फोनची खोली आहे. आत जुना, काळा, डायल फिरवायचा फोन. तार कुठेच जोडलेली नाही. बागेच्या मालकाने २०१० साली भावकीतल्या एका माणसाच्या मृत्यूनंतर स्वतःसाठी तो ठेवला. २०११ नंतर ज्यांची माणसं समुद्राने नेली ते लोक येऊन गेलेल्यांशी बोलू लागले. मी आत गेलो. मला पहिली सायकल घेऊन देणाऱ्या माझ्या वडिलांशी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाइशी शहरातलं उनोसुमाई. इथे आता मोठं क्रीडांगण आहे. २०१९ च्या रग्बी विश्वचषकातला एक सामना इथे झाला. त्या मैदानाच्या जागी २०११ पर्यंत दोन शाळा होत्या, एक प्राथमिक, एक माध्यमिक. समुद्र हाकेच्या अंतरावर.

भूकंप झाला तेव्हा वीज गेली, भोंगे बंद पडले. माध्यमिक शाळेतल्या मुलांनी कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. ती पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलं आधी तिसऱ्या मजल्यावर जमली होती. मोठी मुलं पळताना बघून तीही निघाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथला कडा ढासळताना दिसला, म्हणून आणखी वर गेली. तिथूनही आणखी वर. मागे वळून पाहिलं तर शाळा पाण्याखाली. नंतर प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या मजल्यात एक मोटारगाडी अडकलेली सापडली. त्या दोन शाळांतून निघालेली जवळजवळ सहाशे मुलं जगली. साऱ्या कामाइशीतली शाळकरी मुलं मिळून जवळजवळ तीन हजार वाचली.

वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार म्हटलं. तिथली माणसं हा शब्द टाळतात, आणि बरोबरच आहे. गुनमा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका कातादा २००४ पासून या शहरातल्या शाळांबरोबर काम करत होते. त्यांनी मुलांना तीन गोष्टी शिकवल्या. नकाशात धोका दाखवला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. त्या घडीला जे जास्तीत जास्त करता येईल ते करा. आणि सगळ्यात आधी तुम्ही पळा, म्हणजे तुम्हाला बघून बाकीचे पळतील. याच गावात धोका निवारणाचं एक केंद्र होतं. नावावर विसंबून माणसं तिथे जमली आणि अंदाजे दीडशेहून अधिक जण तिथेच गेले. एकाच गावात, एकाच दुपारी, दोन्ही घडलं.

या किनाऱ्यावर एक जुना बोल आहे, "त्सुनामी तेंदेंको". तेंदेंको म्हणजे ज्याने त्याने, आपापलं. याच किनाऱ्यावरचे अभ्यासक फुमिओ यामाशिता यांनी १९९० नंतर तो देशभर पोचवला. यामाशितांच्या घरातली नऊ माणसं १८९६ साली गेली होती. २०११ साली ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि रिकुझेनताकाताच्या रुग्णालयात चौथ्या मजल्यावर दाखल होते. पाणी तिथवर आलं, तरी ते वाचले.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा हा बोल मला निष्ठुर वाटला. बापाने पोराला सोडून पळावं? उनोसुमाईच्या संग्रहालयातल्या बाईंनी मला समजावलं, "एकट्याने पळता येतं, कारण आधी घरात बोलणं झालेलं असतं. मूल आईला सांगतं, मी नक्की वर जाईन, तू मला शोधायला येऊ नकोस. आईने त्यावर विश्वास ठेवायचा असतो. नाहीतर आई मुलासाठी खाली येते, मूल आईसाठी थांबतं आणि दोघंही जातात."

आता आमच्या घरची गोष्ट.

२६ जुलै २००५. मी कारखान्यात अडकलेलो. आमची लेक तेव्हा नऊ वर्षांची. उल्हास नदीचं पाणी वस्तीत शिरलं. लेकीच्या शाळेत काय झालं हे कळायला मार्ग नव्हता. तिची आई निघाली. छातीएवढं पाणी, उघडी गटारं, वाहत येणारी लाकडं. वाटेत तिचा पाय सुटला. विजेच्या खांबाला मिठी मारून ती किती वेळ उभी होती, तिचं तिलाच माहीत नाही. नाक्यावरच्या पोरांनी दोर टाकून तिला ओढून काढलं. आणि लेक? ती दुपारीच बाईंबरोबर शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर गेली होती. भिजलीसुद्धा नव्हती. त्या रात्री आमच्या घरातलं जे माणूस मरता मरता वाचलं, ते सुरक्षित असलेल्या लेकराला शोधायला गेलेलं होतं. एकोणीस वर्षं आम्ही या गोष्टीला आईची माया म्हणत आलो. माया होतीच. पण घरात आधी चार वाक्यं बोललेली असती, तर त्या मायेला खांबाला लटकावं लागलं नसतं. लहानपणापासून आपण विहारात ऐकत आलो की आधार बाहेर शोधू नका, स्वतःच स्वतःचा दिवा व्हा. याचा अर्थ दुसऱ्याला वाऱ्यावर सोडा असा नव्हे, हे मला त्या परक्या गावात उलगडलं. प्रत्येकाच्या हातात आपला दिवा असेल तर कोणाला कोणासाठी अंधारात शिरावं लागत नाही.

पुढे रिकुझेनताकाता. किनाऱ्यावर सत्तर हजार पाइन वृक्षांची राई होती. लाटेनंतर एकच झाड उभं राहिलं. खाऱ्या पाण्याने मुळं कुजून २०१२ साली तेही वाळलं. लोकांनी ते टिकवून पुन्हा तिथेच उभं केलं आहे. शहराने डोंगर फोडून त्याची माती पट्ट्यांवरून खाली आणली आणि सारी जमीन दहाएक मीटर उंच केली. समोर साडेबारा मीटरची भिंत आहे. नव्या जमिनीवर दुकानं आहेत, पण मोकळे प्लॉटही पुष्कळ दिसतात. एवढी वर्षं कोण थांबणार? तरुण माणसं शहरांकडे गेली. काही गावांनी तर उंच भिंत नाकारली. ओत्सुचीजवळच्या आकाहामाने जुनी ६.४ मीटरचीच भिंत ठेवली आणि घरं वर नेली. समुद्र दिसला पाहिजे, मग त्याची चाहूलही लागते, असं त्यांचं म्हणणं.

शेवटून दुसऱ्या दिवशी इशिनोमाकीतलं ओकावा. किताकामी नदीच्या काठची प्राथमिक शाळा, समुद्रापासून जवळजवळ चार किलोमीटर आत. २०२१ पासून तिचे अवशेष लोकांना बघायला खुले आहेत. भिंती उडालेले वर्ग, पिळवटून आडवा पडलेला काँक्रीटचा जोडरस्ता. शाळेच्या पाठीला लागूनच टेकडी. मुलं शिक्षकांबरोबर तिथे अळंबी लावायला जात असत. भूकंपानंतर जवळजवळ पन्नास मिनिटं मुलं पटांगणात उभी होती. कुठे जायचं हे ठरत नव्हतं. अखेर निघाली ती नदीवरच्या पुलाच्या दिशेने आणि समोरून पाणी आलं. १०८ मुलांच्या शाळेतली ७४ मुलं गेली. शाळेत त्या वेळी असलेल्या अकरा शिक्षकांपैकी दहा गेले.

तेवीस मुलांची कुटुंबं न्यायालयात गेली. २०१८ साली सेंदाईच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की दोष फक्त त्या पन्नास मिनिटांचा नाही. आपत्तीच्या आधी, शांततेच्या दिवसांत, नेमकं कुठे जायचं हे ठरवून ठेवणं हे शाळेचं आणि प्रशासनाचं काम होतं, ते झालं नव्हतं. भरपाई चौदा कोटी नव्हे, एक अब्ज चाळीस कोटी येनच्या वर. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पैशाने लेकरं परत येत नाहीत. पण "कुठे जायचं ते आधी ठरवा" हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलं गेलं, ते या आईबापांमुळे.

मी त्या टेकडीच्या पायथ्याशी उभा राहिलो. माझ्या एकसष्ट वर्षांच्या पायांनाही तो चढ दोन-तीन मिनिटांचा होता.

सेंदाईला पोचलो. दारात आईने विचारलं, "एवढे दिवस हिंडलात, काय बघितलंत?" मी म्हटलं, "चढ." तिला वाटलं मी दमलो म्हणून बोलतोय. रात्री जेवताना तिला आणि लेकीला आनेयोशीच्या आईची गोष्ट सांगितली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आई म्हणाली, "मी पण तीच होते." आणि लेक म्हणाली, "आई, यापुढे कुठेही काहीही झालं तरी मी वरच गेलेली असेन. तू यायचं नाहीस. शब्द दे."

आईने शब्द दिला. मला ठाऊक आहे, तो देणं तिला सोपं गेलं नाही.

३० जुलै २०२५ रोजी रशियाच्या कामचाटका भागात मोठा भूकंप झाला आणि जपानच्या साऱ्या पॅसिफिक किनाऱ्यावर इशारा दिला गेला. कुजी बंदरात एक मीटरहून उंच लाट नोंदली गेली. टीव्हीवर माणसं डोंगराकडे जाताना दिसत होती. आमच्या घरी कोणी फोनवर फोन लावले नाहीत. थोड्या वेळाने लेकीचाच निरोप आला. दोनच शब्द. "वर आहे."

आता कल्याणला आमच्या दाराशीही एक पिशवी टांगलेली आहे. पाणी चढलं तर चाळीतल्या कोणत्या कुटुंबाने कोणत्या जिन्याने कुठल्या गच्चीवर जायचं, म्हाताऱ्या माणसांना कोणी धरायचं, हे पावसाळ्याआधी आम्ही मंडळाच्या बैठकीत ठरवलं. दोघेजण हसले. वामुरांनाही लोक हसलेच होते.

वाचकहो, तुमची वस्ती नदीकाठी असेल, टेकडीच्या कुशीत असेल, नाहीतर नाल्यावर असेल. आज रात्री ताट वाढल्यावर एवढंच विचारा की वेळ आली तर आपण कुठे भेटायचं. लहान पोरालाही उत्तर देऊ द्या. ते पाठ झालं आहे ना, हे महिन्याभराने पुन्हा विचारा.